फोटोखाली नाव लिहा!

हल्ली चार हौशी छायाचित्रकार एकत्र जमले की पहिल्या चहाला भिंगांची चर्चा होते, दुसऱ्या चहाला एकमेकांच्या फोटोंची तारीफ होते, आणि तिसरा चहा येईपर्यंत कोणीतरी हमखास म्हणतो, "आपण सगळ्यांनी मिळून एक पुस्तक काढूया!" पूर्वी ही मंडळी फोटो-स्टुडिओच्या बाकावर भेटत; आता बहुतेकांची ओळख मोबाइलच्या पडद्यावरच होते आणि कित्येकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. पण पुस्तकाची हौस मात्र तीच आहे. पडद्यावरचा फोटो अंगठ्याच्या एका फटकाऱ्याने वर सरकतो आणि दिसेनासा होतो. कागदावरचा फोटो हातात राहतो, पाहुण्याला दाखवता येतो, नातवाला ठेवता येतो. ही ओढ मला समजते. तिच्याशी माझे भांडण नाही.

माझे भांडण आहे ते पुढे जे होते त्याच्याशी. पुढे ठरते असे: प्रत्येकाने आपला सर्वांत सुंदर फोटो द्यायचा. वर्गणी सर्वांची सारखी, म्हणून पानेही सर्वांना सारखी. फोटो जास्त आले तर मते घ्यायची. आणि फोटोखाली मजकूर मात्र नको, कारण मजकुराने म्हणे कलेला बाध येतो. छायाचित्रकाराचे नाव तेवढे पुरे!

आता रत्नागिरीपुरता हिशेब मांडून पाहा. सोळा पानांचा एक फर्मा. आठ फर्म्यांचे पुस्तक म्हणजे १२८ पाने. चौसष्ट सभासद, प्रत्येकी दोन पाने, पुस्तक भरले. त्यात काय असेल ते मी न पाहता सांगतो. भाट्याच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त. मांडवीच्या जेटीवरचा सूर्यास्त. आरे-वारेच्या वळणावरून दिसणारा सूर्यास्त. गणपतीपुळ्याचे देऊळ, रत्नदुर्गाजवळचे दीपगृह, थिबा राजवाडा उन्हात आणि थिबा राजवाडा पावसात. मधूनच एखादी सुरकुतलेली म्हातारी, बोळके पसरून हसणारी. तिचे नाव काय, वाडी कोणती, हे विचारायचे नाही. खाली लिहिलेले असेल, 'कोकणची माय'.

सूर्य रोज मावळतो. त्याची नोंद ठेवायला चौसष्ट माणसे लागत नाहीत.

आणि जे त्या १२८ पानांत नसेल त्याचे काय? हापूसच्या बागेत मोहोरापासून शेवटची पेटी जाईपर्यंत राखण करणारा नेपाळी माणूस त्यात नसेल. झेल्याने आंबा उतरवणारा गडी नसेल. चिरेखाणीत लाल धुरळ्याने माखलेला, दूरच्या जिल्ह्यातून बायकापोरांसह आलेला मजूर नसेल. पहाटे मिरकरवाडा बंदरात मासळीच्या राशीसमोर बसून बोली बोलणारी बाई असेल, पण तिची लुगड्याच्या रंगापुरतीच दखल. मुले कमी झाली म्हणून ओस पडत चाललेली वाडीवरची शाळा नसेल. मुंबई–गोवा रस्त्याच्या चौपदरीकरणात जी जुनी झाडे पडली, जी दुकाने मागे सरली, ती नसतील. कारण ती उभी होती तेव्हा कोणाला 'सुंदर' वाटली नाहीत आणि आता फोटो काढायला ती उरली नाहीत.

थिबा राजवाड्याचेच घ्या ना. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले, पुढच्या वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले; १९१० साली हा वाडा उभा राहिला आणि १९१६ साली तो राजा याच गावात वारला. वाड्याच्या कमानींचे फोटो आज हजारोंनी सापडतील. पण त्याच राजाची नात टूटू इथल्याच मातीत मिसळली, मराठी संसार केला, हलाखीत दिवस काढले. राजवाडा अजून जागेवर आहे, उद्याही त्याचा फोटो निघेल. टूटूचा निघणार नाही. कोणत्या चित्राची घाई होती आणि कोणत्या चित्राला वेळ होता, हे ओळखणे म्हणजेच छायाचित्रकाराची दृष्टी. नुसत्या भिंगाने ती येत नाही.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे: पुष्कळांचे सुंदर फोटो एका पुठ्ठ्यात बांधले म्हणजे सामुदायिक ग्रंथ होत नाही. तो बाजार होतो. जो प्रश्न एकट्याला सुटणार नाही तो प्रश्न अनेकांनी वाटून घेतला आणि प्रत्येक चित्राखाली कोण, कुठे, केव्हा हे लिहिले, तरच तो सर्वांचा ग्रंथ. एरवी ते कॅलेंडर आहे. फरक इतकाच की त्यावर तारखा नाहीत!

सर्वांनी मिळून करायचे काम कसे असते हे पाहायला रत्नागिरीकरांना दूर जायला नको. आपल्या सड्यांवरची कातळशिल्पे पाहा. जांभ्याच्या उघड्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोणी तरी हत्ती, मासे, पक्षी, माणसे कोरली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी गावोगाव पायपीट करून हजाराच्या वर चित्रांची नोंद केली. ती त्यांना एकट्यादुकट्याच्या नजरेने सापडली काय? ज्यांची गुरे त्या सड्यावर चरत त्यांना त्यातली कित्येक आधीपासून ठाऊक होती. विचारायला कोणी गेले नव्हते, इतकेच. विचारत गेले, म्हणून सापडत गेली. शेवटी २०२२ साली उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवीहसोळ अशी आपल्या जिल्ह्यातील गावे 'युनेस्को'च्या संभाव्य वारशाच्या यादीत जाऊन बसली. ज्या सड्याला सरकारी कागदपत्रांपासून आपल्या बोलण्यापर्यंत सर्वत्र 'पडीक' म्हणत, त्याच्या अंगावर एवढे धन होते! समुद्राकडे तोंड करून सूर्यास्त टिपणाऱ्यांची पाठ इतकी वर्षे नेमकी त्या सड्याकडे होती.

कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. त्याच्या कडेला उभे राहून कितीही भारी कॅमेरा रोखला तरी पुरा हत्ती चित्रात येत नाही. एकाला सोंड मिळते, एकाला पाय मिळतो. उंचावरून टिपावा, किंवा पुष्कळ तुकडे एकमेकांना जोडावे, तेव्हा हत्ती दिसतो. आणि तुकडे जोडायचे तर कोणता तुकडा कुठला हे लिहिलेले पाहिजे. नावाविना तुकड्यांचा ढीग होतो, हत्ती होत नाही.

कोणी म्हणेल, हे नाव-गावाचे वेड नवीन दिसते. नवीन नाही, ते नसल्याचे फळ आपण दीडशे वर्षांपूर्वी भोगले आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातले एक नामांकित छायाचित्रकार. म्हणजे आपल्याकडे ही कला इंग्रजांच्या मागोमाग आली, फारशी मागे राहिली नाही. पण पुष्कळांनी मिळून केलेला हिंदुस्थानातला पहिला मोठा छायाचित्रग्रंथ कोणता? 'द पीपल ऑफ इंडिया'. १८६८ ते १८७५ या काळात त्याचे आठ खंड निघाले. साडेचारशेहून अधिक चित्रे. देशभरच्या लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांनी, हौशी मंडळींनी काढून पाठवलेली. सामुदायिकच म्हणायचा! पण पाने उलटून पाहा: बहुतेक माणसांच्या चित्राखाली माणसाचे नाव नाही, जातीचे किंवा जमातीचे नाव आहे, आणि सोबतच्या मजकुरात त्या सबंध जातीच्या स्वभावाचा निवाडा. जिवंत माणूस कॅमेऱ्यासमोर येऊन बसला आणि नमुना होऊन ग्रंथात गेला. सर सय्यद अहमद खान यांनी १८६९ साली लंडनमध्ये हा ग्रंथ पाहिला तेव्हा आपल्या देशबांधवांचे ते दर्शन पाहून त्यांना खेद झाला.

आता मला सांगा, ज्या म्हातारीखाली आपण 'कोकणची माय' लिहिले, तिला आपण कुठे नेऊन बसवले? साहेबाने तुच्छतेने नाव गाळले, आपण कौतुकाने गाळले. तिच्या दृष्टीने फरक काय? तिला मुले आहेत, सातबाऱ्यावर तिचे नाव असेल, मतदारयादीत आहे. फक्त आपल्या पुस्तकात नाही!

याच साहेबाच्या देशात उलट उदाहरणही घडले. सर बेंजामिन स्टोन नावाच्या एका पार्लमेंट-सभासदाने १८९७ साली हौशी छायाचित्रकारांची एक राष्ट्रीय संघटना उभी केली. काम एकच: गावोगावच्या जुन्या इमारती, चालीरीती, जत्रा यांची चित्रे काढायची, टिकाऊ कागदावर छापायची, प्रत्येकीवर ठिकाण, तारीख आणि काढणाऱ्याचे नाव घालायचे आणि ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवायची. १९१० साली ती संघटना बंद पडली तोवर पाच हजारांवर चित्रे जमली होती. त्यांतली पुष्कळशी साधी आहेत. एखाद्या प्रदर्शनात बक्षीस मिळणार नाही अशी. पण आज इतिहासकार ती शोधत येतात. बक्षिसे मिळवणारे सूर्यास्त कोणी शोधत येत नाही.

यावर 'फॅमिली ऑफ मॅन'चे नाव पुढे येईल हे मी जाणतो. १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड स्टायकेन यांनी ६८ देशांतली ५०३ चित्रे, २७३ छायाचित्रकारांची, एका सूत्रात गुंफली. त्या प्रदर्शनाचे पुस्तक घरोघर गेले. सामुदायिक छायाचित्रग्रंथात त्याच्याइतके गाजलेले दुसरे क्वचितच असेल. पण त्याचे यश कशात होते? प्रत्येकाला सारखी पाने देण्यात खासच नव्हे. लाखो चित्रे चाळून पाचशे उचलणारा एक कठोर हात तिथे होता आणि जन्मापासून मरणापर्यंतचा माणूस हा एक विषय होता. उणे काय होते तेही पाहा. चित्राखाली देशाचे नाव आणि छायाचित्रकाराचे नाव. चित्रातल्या माणसाचे बहुधा नाही. म्हणून टीकाकार तेव्हाच म्हणू लागले की या पुस्तकात सारे जग एक कुटुंब आहे, पण त्या कुटुंबात कोण कोणाच्या घरी राबतो ते दिसत नाही. स्टायकेन यांची सुरी आपण घ्यावी, त्यांची विसरभोळी माया घेऊ नये.

आक्षेप मी ऐकलेले आहेत. पहिला: "सर्वांनी वर्गणी दिली, मग सर्वांना पान का नको?" अहो, गावजेवणाला सगळे वर्गणी देतात, म्हणून प्रत्येकजण येऊन आमटीत आपापल्या हातचे मीठ टाकतो काय? वर्गणीदाराला पुस्तकाची प्रत मिळावी, हिशेब मिळावा, मागे यादीत नाव मिळावे. पान मात्र चित्राला मिळावे.

दुसरा आक्षेप: "मग मते घ्या, लोकशाही आहे." मते घेतली की लोक ओळखीच्या वस्तूला मत देतात. सूर्यास्त साऱ्यांना ओळखीचा. चिरेखाणीतला मजूर ओळखीचा नाही. नेमका जो अनोळखी आहे त्याची ओळख करून देण्यासाठी पुस्तक काढायचे आणि निवड मात्र ओळखीवर करायची, हा कोणता न्याय?

तिसरा: "संपादकाच्या हाती सत्ता दिली तर तो आपल्या मित्रांचे फोटो घालील." ही भीती खरी आहे, तिची थट्टा मी करणार नाही. म्हणून संपादक एक नको, तीन असावेत. आणि त्या तिघांतला एकच छायाचित्रकार असावा. दुसरी एखादी शाळेतली बाई असावी, जिला मजकूर शुद्ध लिहिता येतो आणि 'हे मला समजले नाही' असे म्हणायची लाज वाटत नाही. तिसरा तालुका पायी हिंडलेला कोणी पोस्टमन, तलाठी, नाहीतर एसटीचा कंडक्टर. निवडताना छायाचित्रकाराचे नाव झाकावे; चित्रातल्या माणसाचे मात्र उघडे ठेवावे. नाकारलेल्या प्रत्येक चित्राचे कारण एका ओळीत लेखी द्यावे. आणि नाकारलेली चित्रेही फेकू नयेत: सर्व चित्रे, निवडलेली आणि न निवडलेली, नावनिशीवार एका वाचनालयात ठेवावीत. पुस्तक १२८ पानांचेच असते, पण पेटीला फर्म्यांचे बंधन नाही.

चौथा आक्षेप कलावंतांचा: "चित्र स्वतः बोलते." बोलते खरे, पण पन्नास वर्षांनी ते काय बोलले हे ऐकणाऱ्याला कळत नाही. घरातला जुना आल्बम काढून पाहा. पगडीतले आजोबा मधोमध बसलेले, मागे चार माणसे उभी, खाली सतरंजीवर मुले. आजोबांचे नाव कोणीतरी लिहून ठेवलेले असते; बायकांपुढे मात्र 'मंडळी' किंवा 'सौ. व मुले' एवढेच. ती सौ. कोण? तिचे माहेर कुठले? चित्र स्वतः बोलते म्हणता, तर तिला विचारून पाहा.

या साऱ्याची एवढी घाई का, असे कोणी विचारील तर त्याने चिपळूणकरांना विचारावे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले आणि पहिल्या मजल्यापर्यंत चढले. २००५ सालच्या जुलैतही असेच झाले होते. भांडी धुतली गेली, कपाटे नवी आली. पण भिजून एकमेकांना चिकटलेले आल्बम कोणत्या दुकानात नवे मिळतात? लग्नातला फोटो एकच होता, तो गेला. पुराला, वाळवीला आणि बिघडलेल्या मोबाइलला एका गोष्टीचा मात्र उपाय सापडलेला नाही: पाचशे घरांत विखुरलेल्या पाचशे प्रती. एका वेळी पाचशे घरे बुडत नाहीत. छापील पुस्तकाचे खरे मोल त्याच्या गुळगुळीत कागदात नसून या विखुरण्यात आहे. म्हणून तर १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, मद्रास व दिल्ली येथील ग्रंथालयांना पाठवायची असते. हौशी मंडळी हे हटकून विसरतात. प्रकाशनसमारंभात शालश्रीफळाला जेवढे पैसे जातात त्याहून कमी टपालखर्चात ते साधते!

तेव्हा रत्नागिरीच्या मंडळींनी पुस्तक जरूर काढावे. पण असे काढावे. आधी प्रश्न ठरवावा. उदाहरणार्थ, 'पुढच्या वीस वर्षांत आपल्या तालुक्यातून काय नाहीसे होईल?' मग वाड्या, बंदरे, सडे, बाजार वाटून घ्यावेत. एकाने मिरकरवाडा, एकाने राजिवडा, एकाने चिरेखाणी, एकाने एकशिक्षकी शाळा, एकाने घराघरांतले जुने आल्बम. एक पुरे वर्ष हिंडावे. कारण पावसातली रत्नागिरी, शिमग्यातली रत्नागिरी आणि चाकरमानी आल्यावरची रत्नागिरी ही तीन निराळी गावे आहेत. ज्याचा फोटो काढला त्याला विचारून काढावा, त्याचे नाव त्याच्याच तोंडून ऐकून लिहावे, आणि पुस्तक निघाले की त्याच्या घरी एक प्रत पोचवावी. 'नको' म्हणाला तर कॅमेरा खाली घ्यावा. १९५७ च्या कायद्याने हौशीने काढलेल्या चित्राचा हक्क काढणाऱ्याचा असतो. तो त्याच्याकडेच ठेवून छापण्यापुरती लेखी परवानगी घ्यावी, म्हणजे पुढची भांडणे टळतात. मूळ चित्र मागून घ्यावे. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेले चित्र वाटेतच बारीक होते. आणि आठ बाय दहा इंचांच्या चांगल्या छपाईला इंचाला ३०० टिंबे धरली तर २४०० गुणिले ३०००, म्हणजे ७२ लाख टिंबे लागतात.

सूर्यास्त एक घालावा. मुद्दाम सांगतो, एक घालावा. त्याखाली किनारा, तारीख आणि त्या वेळी पाण्यात असलेल्या होडीच्या तांडेलाचे नाव असावे.

आणि ज्यांच्याकडे कॅमेरा नाही, पुस्तक काढायची हौस नाही, अशा वाचकांनाही या कामात वाटा आहे. दिवाळीला घर भरलेले असते. मुंबईपुण्याची, परदेशातली मुले आलेली असतात, आणि ज्यांना जुने चेहरे ओळखता येतात अशी एकदोन माणसे अजून घरात असतात. पाडव्याच्या दुपारी फराळाची ताटे उचलली की ट्रंकेतले फोटो खाली काढा. एकेक फोटो वडील माणसांच्या हातात द्या. त्या जे सांगतील ते मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने मागच्या बाजूला लिहा. बॉलपेन नको; त्याचा दाब पुढच्या बाजूला उठतो आणि शाई पसरते. आजोबांचे नाव लिहालच. त्यांच्या शेजारच्या बाईंचेही पूर्ण लिहा, माहेरच्या नावासकट. कडेला पाण्याची कळशी घेऊन उभ्या असलेल्या गड्याचेही लिहा. त्याचे नाव कोणाला आठवत नसेल तर लगेच उठू नका. थोडे थांबा, आणखी एक चहा ठेवा, पुन्हा विचारा. पुढच्या दिवाळीला ते नाव सांगणारे माणूस घरात असेलच असे नाही.